सातवा गोल

माहिती ही संस्थेची जीवनवाहिनी आहे. ती रक्तासारखी संस्थेच्या अंगभर खेळते, ज्या अवयवाला हवी असेल तिथे वेळेवर पोचते, आणि जिथे ती थांबते तिथून संस्था मरायला लागते. प्रणाली-विश्लेषणाच्या पुस्तकांत हे वाक्य पहिल्याच प्रकरणात असतं आणि विद्यार्थी त्याखाली रेघ मारतात. पंपांच्या त्या कारखान्यात माहिती तिसऱ्या मजल्यावर जाऊन थांबत होती, गेली वीस-बावीस वर्षं थांबत होती, आणि संस्था मेली तर नव्हतीच, उलट तिने नुकतंच नवं फाटक बसवून घेतलं होतं.

माहिती जिथे थांबत होती तिथे विश्लेषकाचे सासरे बसत.

विश्लेषक एका सल्लागार कंपनीत नोकरीला होता. दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत जायचं, तिथली माणसं काय करतात ते त्यांनाच विचारायचं, त्याची आकृती काढायची आणि ती त्यांनाच विकायची, असा तो धंदा. आकृतीत प्रत्येक कामाला एक गोल. गोलात शिरणारा बाण म्हणजे आत येणारी माहिती, बाहेर पडणारा बाण म्हणजे त्या कामातून निघालेली माहिती. ज्या गोलातून बाण नुसतेच बाहेर पडतात आणि आत काही जात नाही, त्याला या शास्त्रात चमत्कार म्हणतात. ज्यात नुसतेच आत जातात आणि बाहेर काही येत नाही, त्याला कृष्णविवर म्हणतात. दोन्ही चुकाच.

कारखान्याच्या आकृतीत दोन्ही निघाले. चमत्काराच्या गोलात मालक बसत होते. त्यांच्याकडून हुकूम सुटत, त्यांच्यापर्यंत पोचत काहीच नसे. विश्लेषकाने त्यांच्याकडे जाणारा एक बाण काढला आणि त्यावर ‘अहवाल’ असं लिहून टाकलं, कारण मालकांचा गोल कसा खोडावा हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

कृष्णविवर हा सातवा गोल. तो सासऱ्यांचा.

त्यांची मुलाखत त्याने सर्वांत शेवटी ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत भिंतीला लागून पत्र्याची कपाटं उभी होती, आणि भिंत संपल्यावर ती खोलीच्या मध्ये आली होती. सासऱ्यांचं टेबल त्यांच्या कोंडाळ्यात होतं. खिडकी होती, पण ती एका कपाटाच्या मागे होती.

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न ‘आपलं नाव’ असा होता. तो त्याने गाळला. “आपण काम काय करता?”

“जावईबापू, सकाळी न्हाणीघराच्या दारात आपण दोघं टॉवेल घेऊन उभे होतो. आता हे ‘आपण’ काय?”

“पद्धत आहे, बाबा. सगळ्यांनाच विचारतोय.”

सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि खुर्चीत सरळ बसले. जावयापुढे ते कधी इतके सरळ बसत नसत. “तक्रारी पाहतो.”

“म्हणजे नक्की काय?”

“गिऱ्हाइकाचा पंप बिघडला की तक्रार येते. तिच्या तीन प्रती निघतात. एक गिऱ्हाइकाला, एक खाली दुरुस्ती विभागाला, एक माझ्याकडे. मी ती पाहतो.”

“पाहून?”

“लाल खूण करतो.”

“मग?”

“कपाटात ठेवतो.”

“कपाटातून पुढे कुठे जाते?”

“कपाटातून कुठे जाणार?” सासऱ्यांना प्रश्नच कळेना. “कपाट भरतं. भरलं की मी वर लिहून कळवतो.”

विश्लेषकाच्या जिवात जीव आला. “आणि वरून उत्तर येतं?”

“कपाट येतं.”

कपाटाची मागणी बाण म्हणून दाखवता येईल का, यावर त्याने थोडा वेळ विचार केला. फर्निचर माहितीत धरत नाहीत.

“हे पाहायला तुम्हाला सांगितलं कोणी?”

“तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांनी. म्हणाले, या तक्रारी कोणीतरी पाहायला हव्यात.”

“ते आता कुठे असतात?”

“ते दुसऱ्याच वर्षी सोडून गेले. जाताना म्हणाले, लक्ष असू द्या.”

“आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काय आढळलं?”

सासऱ्यांनी या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. कपाटांकडे एक नजर टाकली.

“पंप बिघडतात,” ते म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मालकांनी हे सगळं हाती घेतलं तेव्हाच विश्लेषकाला बजावलं होतं, “ज्या गोलातून काही निघत नाही, तो माणूस मला दाखवा. त्याला निरोप देऊ, नारळ देऊ, पण पगार देणार नाही.” सासऱ्यांच्या निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. शिवाय ते राहत होते ते क्वार्टर कारखान्याचं होतं, त्यात त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी राहत होती, आणि मुलीबरोबर विश्लेषक. घरजावई हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे. त्यासाठी शेजारी पुरेसे होते.

“बाबांना तू विवर म्हणालास?” संध्याकाळी बायकोने विचारलं. ती भांडी पुसत होती आणि प्रत्येक भांडं जरा जास्तच जोरात ठेवत होती.

“त्यांना नाही म्हणालो. गोलाला म्हणतात. शास्त्रात तसा शब्द आहे.”

“शास्त्रात भाड्याचं घर मिळतं का रे? आणि तू कोण मोठा बाणवाला? तुझ्या गोलातून बाहेर काय पडतं, मला माहीत नाही का? आकृत्या! त्या कोण वाचतं?”

“मालक वाचतात.”

“मालक बघतात. वाचायला त्यांना चष्मा लागतो आणि चष्मा लावायची त्यांना लाज वाटते. बाबांनीच सांगितलंय मला.” तिने फडकं पिळलं. “ते रोज जेवायला बसले की म्हणतात, आज बऱ्याच पाहिल्या. आई गेल्यापासून त्यांना सांगण्यासारखं तेवढंच आहे. ते काढून घेणार तू?”

आतल्या खोलीत रेडिओ चालू होता. मग तो बंद झाला. सासऱ्यांनी तो बहुधा नीट ऐकू यावं म्हणून बंद केला असावा. रेडिओ नव्हे, स्वयंपाकघर.

दुसऱ्या दिवशी विश्लेषकाने सातव्या गोलातून एक बाण बाहेर काढला, तो दुरुस्ती विभागाच्या गोलात नेऊन टेकवला आणि त्यावर लिहिलं, ‘शेरा’. अस्तित्वात असलेली व्यवस्था जशी आहे तशीच काढावी, आपल्याला जशी हवी तशी काढू नये, हा त्याच्या विद्येचा पहिला धडा. तो धडा त्याने पाठ म्हणून दाखवला असता. दुरुस्ती विभागाचा गोल तरी त्याने पाहून काढला होता का, तर तोही नाही. त्या शेडमध्ये ग्राइंडरचा आवाज इतका होता की मुलाखत अशक्य. फोरमन हातवारे करत होता, हा मान डोलावत होता, शेवटी दोघांनी हात जोडले. त्या गोलातलं सगळं त्याने मालकांना विचारून भरलं.

आकृती पाहून मालक खूष झाले. त्यांचं बोट सातव्या गोलावर थांबलं तेव्हा विश्लेषकाची पाचावर धारण बसली.

“हे काय? शेरा?”

“प्रत्येक तक्रारीवर अनुभवी माणसाचा शेरा, साहेब. तो गेल्याशिवाय दुरुस्ती नाही.”

“म्हणजे क्वालिटी!” मालक म्हणाले. “आणि हे आपल्याकडे होतच होतं?”

“होतच होतं.”

“बघा, मला कोणी सांगतच नाही.”

यात मात्र खोटं काही नव्हतं.

पुढचं काम प्रोग्रामर बाईंचं. त्यांना आकृतीच्या आत माणसं असतात याच्याशी कर्तव्य नव्हतं, आणि तेच त्यांच्या हुशारीचं मर्म होतं. त्यांनी फोनवर एकच विचारलं, “शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला तर चालेल का?”

चालेल म्हणावं तर पुढच्या सफाईत कोणीतरी रकाना काढून टाकणार, आणि रकान्याबरोबर सासरे. “नाही चालणार,” विश्लेषक म्हणाला. “शेरा भरल्याशिवाय तक्रार पुढे सरकताच कामा नये.”

“नक्की?”

“नक्की.”

सासऱ्यांच्या टेबलावर पडदा आला. लाल पेन्सिल ड्रॉवरमध्ये गेली. पडद्यावर एक तक्रार उमटली, तिच्याखाली मोकळा रकाना आणि त्यात उघडझाप करणारी एक रेघ. सासरे त्या रेघेकडे पाहत बसले. पाहण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ती मात्र पुढे सरकेना.

“जावईबापू,” घरी आल्यावर बूट न काढताच ते म्हणाले, “तिथे लिहायचं काय?”

“काहीही लिहा, बाबा. ‘पाहिले’ लिहा.”

“आणि खालचे विचारतील, पाहिलंत ना, मग दिसलं काय? पंपातलं मला काय कळतं? मी कॉमर्सचा. आजवर मी खूण करत होतो, त्याला कोणी विचारणारं नव्हतं. आता ती माणसं हातात पाने-पक्कड घेऊन माझ्या शब्दासाठी थांबलेली असणार.”

“कोणी थांबत नाही हो.”

“तूच म्हणालास ना, शेऱ्याशिवाय दुरुस्ती नाही?” सासरे त्याच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलले होते.

मग ते शिकायला बसले. पंपांचं एक पुस्तक आणलं आणि जेवताना ते ताटाशेजारी ठेवू लागले. आज बऱ्याच पाहिल्या, असं म्हणणं बंद झालं. एखाद्या तक्रारीवर दोन दिवस घालवून ते लिहीत, ‘पाणी कमी येते, असे गिऱ्हाइकाचे म्हणणे दिसते’, आणि मग ‘दिसते’च्या जागी ‘आहे’ घालावं की काय, या काळजीने सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात जात. मालकांच्या पडद्यावर अडकलेल्या तक्रारींचा आकडा लाल अक्षरांत दिसे, आणि तो आकडा वाचायला मालकांनाही चष्मा लागत नसे. त्यांचा फोन रोज तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागला. सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदाच अधिकार मिळाला होता, आणि तो त्यांच्या अंगी लागला नाही. अंगावरचा सदरा मात्र सैल झाला.

दुरुस्ती विभागाकडून या काळात चकार शब्द आला नाही. ती माणसं समजूतदार असली पाहिजेत, असा अर्थ विश्लेषकाने काढला.

“बाबांना सांग ना काहीतरी,” बायको म्हणाली. “तूच काढलास ना तो बाण? मग खोड.”

“आता खोडला तर मालक विचारतील, आधी का काढलात.”

“मग?”

“मग काही नाही.”

सासऱ्यांनी राजीनामा दिला तो एका साध्या मंगळवारी. घरी येऊन त्यांनी बूट काढले, पंपांचं पुस्तक फडताळावर ठेवलं आणि म्हणाले, “सुटलो एकदाचा. माझ्यापायी सगळा कारखाना अडला होता.” मालकांनी राजीनामा हातोहात मंजूर केला. क्वार्टर महिनाअखेर रिकामं करायचं होतं. प्रोग्रामर बाईंना फोन गेला की सातव्या गोलात आता माणूस नाही. “मग त्यात काय,” त्या म्हणाल्या आणि प्रत्येक तक्रारीखाली ‘पाहिले’ हा शब्द आपोआप पडेल अशी सोय करून दिली. लाल आकडा शून्यावर आला. मालकांनी विश्लेषकाच्या कंपनीला कौतुकाचं पत्र पाठवलं. नवी जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळाली, दोन खोल्या. त्यात कोणी कुठे झोपायचं हे बायकोने ठरवलं, आणि नवऱ्याला ते सासऱ्यांकडून कळलं. ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती आणि काम फारसं नव्हतं.

सामान हलवायच्या दिवशी टेंपो फाटकाशी उभा होता. कपाट बांधायला दोरी कमी पडली. हे घरचं कपाट; ऑफिसातली भंगारात गेली होती.

“दुरुस्तीवाल्यांकडे दोरी असते,” सासरे म्हणाले. ते टेंपोत पुढच्या बाजूला, मांडीवर रेडिओ घेऊन बसले होते. “आणि हे बघा, जावईबापू, फोरमन भेटला तर त्याला सांगा, माझ्यामुळे तुमचं काम इतके दिवस रखडलं, मनात ठेवू नका म्हणावं. मीच जाणार होतो, पण तोंड दाखवायची लाज वाटते.”

विश्लेषक शेडमध्ये गेला. ग्राइंडर त्या वेळी बंद होता, त्यामुळे तिथे बोलता येतं हे त्याला प्रथमच कळलं. भिंतीशी पंप रांगेने ठेवले होते, प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीने बांधलेला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर गिऱ्हाइकाचं नाव. फोरमनने दोरी काढून दिली. विश्लेषकाने निरोप सांगितला.

“काम रखडलं?” फोरमन म्हणाला. “कुठलं काम?”

“शेरे येत नव्हते ना. पडद्यावर तक्रारी अडकल्या होत्या.”

“कसले शेरे, साहेब? पंप आला की उघडायचा, बिघडलंय ते बदलायचं, पुठ्ठा पाहून परत पाठवायचा. एक दिवस खाडा नाही.” त्याने कोपऱ्याकडे हात केला. संगणक तिथे होता, त्याच्यावर कपड्यांचे दोन जोड आणि एक डबा होता. “तुमची माणसं ठेवून गेली तशी ती पेटी आहे तिथेच आहे. एकदा लावणार होतो.”

शेडमध्ये प्लग एकच होता आणि त्याला ग्राइंडर लावलेला होता.