भिकुबाईची पितळी सवत

“उनात का सवतले गयामा घालीसन?”

मित्रांनो, हा आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. धुळ्याच्या पोलीस लाइनीत, दाराच्या चौकटीला टेकून भिकुबाई नवऱ्याला अहिराणीत असं विचारायची, आलात का सवतीला गळ्यात घालून, आणि शेजारच्या खोल्यांतून हसू फुटायचं. ती सवत म्हणजे मी. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे.

माझा कारखाना कुठला ते आठवत नाही. भट्टीची ऊब तेवढी आठवते, आणि माझ्या पोटात बुचाची इवलीशी गोळी ठेवणारी बोटं. ती गोळी नाचली की मी गाते. भिकुबाईचा नवरा शालिग्राम पोलिसात भरती झाला, तेव्हा कवायतीच्या उस्तादांनी मला स्वतःच्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातलं. त्याच्या छातीचा ठोका ऐकत ऐकत माझा संसार सुरू झाला.

किती फिरले मी! आग्रा रोडवर माझ्या एका हाकेला मालट्रक थबकायचे. एकवीरादेवीच्या यात्रेत चुकलेलं लेकरू सापडलं, की शालिग्राम त्याला खांद्यावर घ्यायचा आणि मला त्याच्याच तोंडात द्यायचा. पोर रडायचं विसरून फुंकत बसायचं, आणि माझ्या आवाजाच्या मागावर त्याची आई धावत यायची.

ड्यूटी संपली की लाइनीच्या कडुनिंबाखाली सायकल उभी करून तो मला वाजवायचा. दोन तोकड्या, एक लांब. म्हणजे, आलो गं, तवा टाक.

“बठ्ठी लाइन हासस!” सगळी लाइन हसते म्हणून भिकुबाई करवादायची. “सवतले खुंटीले टांगा, आन हात धुवा.”

एकदा गावात गडबड होऊन संचारबंदी लागली. तो सलग दोन दिवस घरी आला नाही. आला तो धुळीनं माखलेला. कडुनिंबाखाली मी वाजले, पण माझाही आवाज चिरकला. भिकुबाईनं दार उघडलं, त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “हात धुवा.” त्याच्या छातीवरून मला चूल दिसत होती. भाकरी तशाच टोपलीत झाकलेल्या. एकही मोडलेली नव्हती.

त्यानं काही ते पाहिलं नाही.

शिपायाचा हवालदार झाला, हवालदाराचा फौजदार. मग हार-नारळ घेऊन निवृत्त झाला, आणि सगळे त्याला आबा म्हणू लागले. मी त्यांच्या नव्या घरात खिळ्यावर लटकले. माझ्यावर वरचेवर जाळी धरायची. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी मुकी वस्तू अशी खिळ्यावर असेल. फेकण्याआधी तिला एकदा हातात घ्या, कानाशी धरा. तिला काहीतरी सांगायचं असतं.

मलाही सांगायचं होतं. रिकामपणी आबांना एकच प्रश्न छळायचा. आपण जन्मभर लोकांची घरं राखली, आपल्या घरच्या बाईला काय मिळालं? कधीमधी ते विचारायचे, “भिकू, या नोकरीपायी तुझे हालच झाले ना गं?”

“दूध उतू चालनं, गॅस बंद करा,” भिकुबाई म्हणायची.

आबा खाली मान घालायचे. मला उत्तर ठाऊक होतं. पण मला तोंड असलं तरी श्वास दुसऱ्याचा लागतो.

यंदाच्या श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. तिच्या रोटांच्या नैवेद्यासाठी लेक दिपमाला जळगावहून आली. सोमवारी सकाळी विसर्जनाला निघताना आबांना मी खिळ्यावर लखलखताना दिसले. “दिपमालानं घासलेली दिसते,” असं पुटपुटत त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात घातलं.

पांझरा नदीच्या काठी डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायांची रीघ लागली होती. त्या गात होत्या,

“कानबाई माय निंघनी, डोकावर फूलनी पाटी,
वाट देखस पांझरा, पानी भरे ओटी.”

गुलालाचं धुकं पसरलं होतं. फुगड्या, बँड, फुलांचा वास. सगळं स्वप्नात तरंगावं तसं. आणि त्या धुक्यात दिपमालाचा आवाज आला, “आबा, आई कुठंय? तुमच्याजवळ नव्हती?”

“तुझ्याजवळ होती ना!”

भिकुबाईच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. पुढं भरलेली नदी. आबांनी हाक मारली, ती बँडमध्ये बुडाली. हजारोंची लेकरं शोधून देणारा माणूस गर्दीत गरगर फिरत होता आणि त्याची छाती माझ्यावर धडधडत होती.

त्यांनी मला ओठांना लावलं. पहिल्यांदा नुसती हवा गेली. मग गोळी हलली. दोन तोकड्या, एक लांब. पुन्हा. पुन्हा.

गुलालातून काळा चष्मा घातलेली भिकुबाई, हातानं वाट चाचपत, सरळ माझ्याकडे आली.

“उनात का सवतले लीसन?”

आबांनी तिचा हात घट्ट धरला. हसताना त्यांचे डोळे वाहत होते. “दिपमालानं घासली म्हणून वाजली बघ.”

“ती कशाले घासी? कानबाईना भांडासंगे दरसाल मीच घासस, चिंच लाईसन.”

“तू? तुला तर हिचा राग होता!”

भिकुबाईनं मला चाचपून पाहिलं.

“राग कसाना हो? हाई वाजे ना, तवय मना जीव भांडामा पडे. तोवर घास उतरे नही. तुमले सांगानी लाज वाटे, म्हनीसन सवत म्हनू.”