श्रावण बाकावरून उठतो

त्या हिवाळ्यात नागपूरची राजधानी गेली आणि आमच्या सेंटरला हळद लागली. शहराला पहिल्या गोष्टीचं दुःख होतं. आम्हाला, म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला, दुसरीचं. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा, टीममधला सर्वांत कामाचा लांबुडका. आमच्या लांबुडक्याचं, गिरिधरचं, लग्न सोमवारी होतं आणि फायनल रविवारी. हळद लागलेल्या नवरदेवाने मांडवाबाहेर पाय टाकायचा नसतो.

मी कॅप्टन, म्हणून त्याच्या आईला, यमुताईंना, विनवायला गेलो.

"मांडवच मैदानापर्यंत वाढवला तर?" गिरिधर पाटावरून म्हणाला. तो मानेपर्यंत पिवळा होता.

"बांबू पुरायचे नाहीत," यमुताई म्हणाल्या. त्यांनी विचार करून उत्तर दिलं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

उरला श्रावण. दोन वर्षं राखीव सेंटर. बाकावर बसला तरी उभ्या मधुकरराव सरांच्या खांद्याला लागायचा. सर शिकवायचे वनस्पतिशास्त्र. खेळांचं खातं त्यांच्याकडे आलं, कारण खाती वाटली गेली त्या सभेला ते गैरहजर होते.

"मुकुंद, तो सुरुवातीपासून खेळायला तयार आहे का, एवढंच सांग. हो किंवा नाही," सर म्हणाले. "वाढ तर पूर्ण झालेली दिसते."

मी श्रावणलाच विचारलं.

"मले काय मालूम बे? पण तू तयारच सांग. बाप येऊन राहिला रविवारी."

त्याचे वडील नत्थूजी गोळीबार चौकात लुगडी विणायचे. आतापर्यंत दोन मॅच पाहायला आले, आणि दोन्ही वेळा पोरगा बाकावर. बाकीची पोरं पळताहेत आणि आपलं बसवून ठेवलंय, म्हणजे ही शिक्षाच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. तिसऱ्यांदा तसंच दिसलं तर कॉलेज बंद आणि पोरगा मागावर, असं त्यांनी घरी जाहीर केलं होतं. मी एकदा त्यांना समजावूनही पाहिलं होतं, की तो राखीव आहे.

"राखीव म्हंजे चांगल्यातलाच ना गा?" नत्थूजी म्हणाले. "मंग चांगलं झाकून काहून ठेवता?"

मी लुगड्यांचा भाव विचारला.

मी श्रावणची पारख सुरू केली आणि माझा होता तो अंदाजही गेला. मागावर सूत ढिलं पडलं की तुटायच्या आत हात तिथे गेला पाहिजे, हे वळण त्याला लहानपणापासून लागलेलं. त्यामुळे समोरच्याने उडी मारली की श्रावणला तो पडताना दिसायचा, आणि श्रावण त्याला धरायचा. मी उडी मारून पाहिली. त्याने मला हवेतच कवळून अलगद खाली ठेवलं. वर विचारलं, "लागलं त नाही?"

"सर, हा गुण धरायचा की दोष?"

"आधार देणं हा गुणच," सर म्हणाले. "वेलींना विचार."

मी वेलींना विचारलं नाही. हो म्हणून सांगितलं.

रविवारी नत्थूजी धुवट धोतर नेसून सरांशेजारी बसले. पोरगा बाकावर न बसता सरळ मैदानात आला, तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. पंचांनी वर फेकलेला पहिला बॉल श्रावणनेच आमच्याकडे टोलवला. मग समोरच्या टीमच्या एका खेळाडूने उडी मारली आणि श्रावणने त्याला धरलं. शिट्टी. ज्याने फाउल केला त्याने हात वर करून कबूल करायचं, असा नियम. श्रावणने हात वर केला.

"अबे, धरतोस काहून?" मी ओरडलो.

"पडत होता यार तो."

"उडी मारत होता!"

"मंग खाली कसा आला?"

मी विचारात पडलो, तेवढ्यात त्यांनी दोन बास्केट केले.

हाफटाइमच्या आत श्रावणने पाच जणांना वाचवलं. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. तो मान खाली घालून बाकावर जाऊन बसला. मी टाइमआउट मागितला आणि नत्थूजींचे पाय धरायला धावलो.

नत्थूजी उभे होते. डोळे भरलेले.

"पाह्यलं का मास्तर?" ते सरांना म्हणत होते. "शिट्टी वाजली का याचाच हात वर! पाच सवाल, पाचही यालेच आले. बाकीचे नुसते एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहिले."

"बाबा, तसं नाही..." श्रावण म्हणाला.

मी त्याच्या पायावर पाय दिला. "चूप बे."

"अन् आता बसवलं तेबी बरोबर," नत्थूजी म्हणाले. "बाकीच्या पोराईलेबी मौका पाह्यजे. शीक बाबू तू. मागाचं मी पाहतो." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "याले कॅप्टन म्हणतेत ना? यानं त एकदाबी हात वर नाही केला. काहून ठेवला गा याले?"

सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "खरं आहे," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

खेळ पुन्हा सुरू झाला. त्यांचा खेळाडू बॉल घेऊन आला आणि माझ्यासमोर त्याने उडी मारली. खालून पाहिलं तर तो खरंच पडत असल्यासारखा दिसत होता.

शिट्टी वाजली तेव्हा माझा हात आधीच वर होता.