रखमाबाईंचा तांबडा वाल

कडधान्यांच्या गावठी जाती जपल्या पाहिजेत, या विषयावर मी चाळीस मिनिटं न थांबता बोलू शकते. ठाण्याच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथल्या मुलांनी हे सोसलंय. माझी पीएचडीही त्यातलीच: वालाच्या कुठल्या जातीत लोह किती, जस्त किती. त्यासाठी टिटवाळ्यापलीकडच्या गावातून, रखमाबाईंकडून, मी पाच तऱ्हांचे वाल आणले. भातकापणी झाली की त्या आपल्या शेतात पाचही थोडे थोडे पेरायच्या.

लॅबमधलं दळायचं मशीन नेमकं बंद. मला कुठला धीर! कोपरला घरी आईचा लोखंडी खलबत्ता होता, त्यात तांबडा वाल कुटून टाकला. उरलेले चार मशीन दुरुस्त झाल्यावर दळले. रिपोर्ट आला: तांबड्यात इतरांच्या तिप्पट लोह!

मी आधी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, मग रखमाबाईंना फोन केला.

"मावशी, तुमचा तांबडा एक नंबर! बाकीचे त्याच्यापुढे काहीच नाहीत."

दोन आठवड्यांनी लॅबमधल्या महेंद्रने आकडे पाहिले. "मॅडम, हा कशात कुटला?"

"खलबत्त्यात."

"कसल्या?"

चिनी मातीच्या खलात पुन्हा कुटून तपासलं. तांबडा पाचांत चौथा आला. लोह वालाचं नव्हतंच, आईच्या खलबत्त्याचं होतं.

हे फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून गावाला गेले. रखमाबाईंनी हौसेने चहा ठेवला.

"या वर्षी सगळीकडं तांबडाच पेरणार."

"आणि बाकीचे?"

"नातीच्या साखरपुड्याला बिरडं केलं त्यांचं. तूच बोललीस ना, त्यांच्यात काय नाय?"

जाती जपायला सांगणाऱ्या मीच एका फोनवर चार जाती पातेल्यात घातल्या होत्या. मी सगळं कबूल केलं.

"सासूनं दिलेलं बियाणं होतं गो. मग फोनवर एवढी ओरडत का होतीस?"

"हुशारी दाखवायची होती," मी म्हटलं. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

लॅबच्या कपाटात न दळलेले थोडे दाणे उरले होते. दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेले. आम्ही दोघींनी पेरले. मी खोल खोचलेला प्रत्येक दाणा त्यांनी उकरून पुन्हा लावला. तीन जाती उगवल्या. ठिपक्यांच्या वालाचे अकराच दाणे शिल्लक होते, बाकीचे मीच संशोधनासाठी दळले होते. त्यातला एकही आला नाही.

मग दर रविवारी आम्ही आसपासची गावं पालथी घालू लागलो. रखमाबाई दारोदार माझी ओळख करून द्यायच्या: "ही कॉलेजातली मॅडम. हिचं ऐकू नका, ठिपक्यांचा वाल असला तर दाखवा."

तिसऱ्या गावात धाकू नावाच्या म्हाताऱ्याने मडक्यातून मूठभर काढून दिले. रखमाबाईंनी दाणा निरखला, दाताखाली धरला, मान डोलावली. मी घाईघाईने पिशवी पुढे केली.

ती त्यांनी बाजूला सारली आणि दाणे पदराच्या गाठीत बांधले.