झरीनने सांगून टाकलं

भाट्ये गावच्या खुर्शीदबी मुलासाठी झरीनला बघायला येणार होत्या. सकाळीच नासिरने मुलीला बजावलं, "तुझ्या गोळ्यांचा विषय आज नको काढूस."

एकतीस वर्षांच्या झरीनला लहानपणापासून सगळे धांदरट म्हणत. तिचं कॉलेज अर्धवट सुटलं, दोन नोकऱ्या गेल्या. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एडीएचडीचं निदान करून औषध सुरू केलं. मग तिने नर्सिंग पुरं केलं आणि आता ती डायलिसिस विभागात नर्स होती.

चहा झाल्यावर खुर्शीदबींनी विचारलं, "तब्येतीची काही तक्रार?"

झरीनने एकदा वडिलांकडे पाहिलं. "एडीएचडी आहे, खाला. माझं लक्ष टिकत नाही. म्हणून रोज सकाळी गोळी घेते."

"कायमची?"

"डॉक्टर म्हणतील तोवर. पुढे मूलबाळ व्हायचं असेल, तर त्यांना आधी विचारीन."

नासिरने कप खाली ठेवला.

"गोळीने लक्ष टिकतं, पण अभ्यास तिचा तिनेच केला," तो म्हणाला. "हे लपव म्हणून सकाळी मीच तिला सांगितलं होतं. पंचवीस वर्षं कुवेतला काढली मी, पण एवढी हिंमत माझ्यात नाही."

खुर्शीदबींनी मान डोलावली. त्यांच्या मुलाने झरीनला तिच्या कामाबद्दल विचारलं आणि दोघं बराच वेळ बोलत बसली.

होकार आठवड्याने आला. नासिर मात्र पाहुणे गेले त्याच संध्याकाळी भावाच्या घरी जाऊन, आपली लेक काय बोलली ते शब्दन् शब्द सांगून आला.