काढून ठेवलेलं दूध

बाळाला पाजता पाजता कॉलरवालीला डुलकी लागली. सासूबाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा कामाची वेळ अगदी तोंडावर आली होती. ती धडपडून उठली. बाळ पोटभर पिऊन गाढ झोपलं होतं. तिला वाटलं, आपणही याच्या शेजारी आडवं व्हावं आणि कुणी हाकच मारू नये. पण वाटून काय होतंय! दूध काढायचा उकळलेला पंप पुसायचा, बाटल्या पिशवीत भरायच्या, बर्फाची थैली वर ठेवायची आणि केसांवरून हात फिरवत जिना उतरायचा.

“आई, फ्रीजमध्ये कालची बाटली आहे. गॅसवर नका ठेवू, गरम पाण्यात ठेवा. वर साय जमलेली दिसेल, पण ते नासलेलं नसतं हं. हळूच हलवलं की मिसळतं.”

“अगं, पाठ झालंय मला सगळं. जा तू.” सासूबाई फ्रीजकडे न बघताच म्हणाल्या.

तिचा नवरा ट्रक चालवायचा. आठवडे आठवडे घराबाहेर. फोनवर त्याचं एकच पालुपद, “तू जरा नीट खात जा.” खायचं कधी, हे मात्र तो सांगत नसे.

बाळंतपणाची रजा संपून ती कामावर गेली तेव्हा बाळाने अजून मान धरली नव्हती. प्रसूतिगृहातल्या नर्सने तिला शिकवलं होतं, घरी असशील तेव्हा अंगावर पाज, कामावर असशील तेव्हा काढून ठेव. काढत राहिलीस तर दूध येत राहील, थांबलीस तर आटेल. इतकं सोपं होतं ते. नर्सने फक्त एक गोष्ट सांगितली नव्हती, की काढायचं कुठे बसून.

कारखान्यात लहान मुलांचे कपडे शिवत. तिच्याकडे कॉलर लावण्याचं काम होतं, म्हणून सगळे तिला कॉलरवालीच म्हणत. तिच्या पुढच्या मशीनवर बटणवाली बसे, ती हिच्याच इमारतीत राहायची. काम साखळीचं होतं. कॉलर लागल्याशिवाय बटण लागायचं नाही आणि बटण लागल्याशिवाय इस्त्रीवाल्याला काम नाही. त्यामुळे कॉलरवाली उठली की मागे कपड्यांचा ढीग चढायचा आणि पुढचे सगळे हातावर हात ठेवून तिच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसायचे. नुसतं बघायचे, बोलायचं कुणी नाही. ते बघणंच पुरे व्हायचं.

रजेवरून आल्या दिवशीच तिने मॅनेजरसाहेबांना विचारलं होतं. साहेब भला माणूस. आवाजही चढवला नाही. “बायकांचं बाथरूम आहे की! आतून कडी आहे, नळ आहे. आणखी काय हवं?”

आणखी काय हवं! कडी सैल होती, ती एका हाताने धरून ठेवावी लागे. बसायला पालथी बादली. शेजारच्या संडासातून येणारा वास, वर फिनेलचा दर्प, पायाखाली ओल. बाटलीचं झाकण ठेवायला कोरडी जागा शोधण्यातच जीव मेटाकुटीला यायचा. दूध म्हणजे काही नळ नव्हे, सोडला की आला. त्याला मन जरा निवांत लागतं. तिने डोळे मिटून बाळाचा चेहरा आठवावा, छातीत कळ येऊन पहिली धार सुटावी, आणि नेमकी तेव्हाच बाहेरून सुपरवायझरची शिट्टी वाजावी. त्याचं नावच बायकांनी शिट्टी ठेवलं होतं.

“अहो बाई, झालं की नाही? लाईन तुंबलीय सगळी!”

धार तिथल्या तिथे थांबायची. अर्धी बाटली घेऊन ती बाहेर यायची, घट्ट झाकण लावून बर्फात ठेवायची आणि पुन्हा कॉलरी जोडायला बसायची. संध्याकाळपर्यंत छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउजवर ओले डाग उमटतील म्हणून ती अंग चोरून बसायची. घरी पोचल्यावर बाटली फ्रीजमध्ये आणि बाळ अंगावर. दमली होती, हाडापर्यंत दमली होती. पण बाटली फ्रीजमध्ये ठेवताना तिला बरं वाटायचं. उद्या मी घरी नसले तरी माझं दूध असेल.

तरीही बाळ भरेना. गाल बसले, मांड्यांची कातडी सैल झाली. मग जुलाब सुरू झाले. ती रजा टाकून, सासूबाईंना बरोबर घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, त्याच्या टाळूवर बोट फिरवलं आणि विचारलं, “दूध कुठलं देता?”

“माझंच. सकाळ-संध्याकाळ अंगावर, दिवसा काढून ठेवलेलं.”

“वरचं काही?”

“छे हो! पाण्याचा थेंबसुद्धा नाही.”

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. शेवटी सासूबाईच बोलल्या, मान खाली घालून.

“मी देते गाईचं. पाणी घालून. हिचं मी ओतून टाकते.”

कॉलरवालीला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पालथी बादली, ती सैल कडी, ती शिट्टी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. रोज काढलेलं, रोज जपून आणलेलं, रोज मोरीत गेलेलं.

डॉक्टरीणबाई सासूबाईंना बरंच बोलल्या. इतक्या लहान बाळाला गाईचं दूध सोसत नाही, वर पाणी घातल्याने पोटही भरत नाही. औषध दिलं आणि बजावलं की आता आईचंच दूध, नाहीतर बाळाला भरती करावं लागेल. सुनेकडे वळून म्हणाल्या, “आणि तुमचंही कमी होत चाललंय. असंच घाईत अर्धवट काढत राहिलात तर पुढे उरायचं नाही.”

दोघी घरी आल्या. दार लागलं आणि सुनेचा बांध फुटला.

“ओतून टाकत होता? माझं दूध? आई, तुमच्या हाताला काही वाटलं नाही?”

“वाटलं. रोज वाटलं.” सासूबाई खाली बसल्या. “बटणवाली भेटली होती जिन्यात. म्हणाली, बिचारी संडासात बसून दूध काढते हो. त्या दिवसापासून ती बाटली हातात घेतली की मला मळमळायचं. ते माझ्या नातवाच्या तोंडात घालू?”

“मला सांगायचं तरी!”

“सांगून तू काय केलं असतंस? नोकरी सोडली असतीस? घर तुझ्याही पगारावर चालतंय. आणि तुझं तोंड बघवत नव्हतं गं मला, आधीच इतकीशी झालीयस. म्हटलं आपण गुपचूप निभावून नेऊ. मला काय ठाऊक असा घात होईल.” त्यांनी डोळे पुसले. “माझं चुकलं, शंभरदा चुकलं. पण खरं सांग, त्या जागी बसून तू स्वतः भाकरीचा तुकडा खाशील?”

सुनेने खाल्ला नसता. तिने तिथे पाण्याचा घोटसुद्धा घेतला नसता. स्वतः ज्या जागी घास गिळला नसता, तिथे बसून ती पोराचं जेवण रांधत होती, आणि तशी सोय करून दिल्याबद्दल साहेबांना थँक्यू म्हणाली होती. तिला सासूचा राग आला, स्वतःचा आला, पण सगळ्यात जास्त राग त्या भल्या माणसाचा आला.

बाळाचे जुलाब थांबले तशी ती कामावर गेली. छाती भरून आली तेव्हा उठली, पण बाथरूमकडे गेली नाही. पिशवी घेऊन सरळ केबिनमध्ये शिरली. साहेबांनी डबा उघडला होता.

“साहेब, मला पाहुण्यांची खोली हवी. सोफा आहे, पंखा आहे, दार लागतं. दिवसभर रिकामीच असते.”

“अहो, तिथे पार्टी येते, माल दाखवायचा असतो. तुम्हाला बाथरूम दिलंय ना?”

“मग तुमचा डबा घ्या आणि चला तिथे. तुम्ही त्या बादलीवर बसून जेवलात, की मीही उद्यापासून मुकाट्याने तिथेच बसेन.”

साहेबांचा घास हातातच राहिला. “काहीतरीच काय बोलता!”

“तुमचं जेवण ते जेवण, आणि माझ्या पोराचं?”

“बघू. वर विचारतो मी.”

“विचारा. पण त्याला भूक आज लागलीय.”

ती निघाली, पाहुण्यांच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. भिंतीवर कंपनीची मोठी जाहिरात होती, गुबगुबीत बाळ छातीशी धरून हसणारी आई. हिला बराच वेळ थेंबही येईना. बाहेर शिट्टी वाजून वाजून गप्प झाली. मग धार लागली.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीला कुलूप होतं.

ती कुलपाकडे बघत उभी राहिली. रडायलाही अंगात त्राण नव्हतं. मग तिने आपलं स्टूल आणलं, त्या बंद दारासमोर, येण्याजाण्याच्या वाटेत मांडलं, अंगावर शाल घेतली आणि बसली. शिट्टी धावत आली. “अहो बाई, लाज नाही का वाटत?”

“वाटते. म्हणूनच तिकडे जात नाही.”

तेवढ्यात बटणवाली उठली. हातातला शर्ट टाकला, येऊन तिच्याकडे पाठ करून आडोशाला उभी राहिली आणि सुपरवायझरला म्हणाली, “साहेबांना सांगा, लाईन तुंबलीय. किल्ली पाठवा.”

किल्ली आली नाही. पण बाटली भरली.

संध्याकाळी सासूबाईंनी ती दारातच हातात घेतली. “कुठे काढलंस?”

“वाटेत बसून. सगळ्यांच्या देखत.”

“संडासात नाही ना?”

“नाही.”

सासूबाईंनी बाटली फ्रीजमध्ये ठेवली, अगदी आत, जिथे गारवा जास्त असतो. दुसऱ्या दिवशी ती गरम पाण्यात ठेवली, साय हलवून मिसळली आणि नातवाला मांडीवर घेऊन शेवटच्या थेंबापर्यंत पाजली.

कॉलरवाली अजून त्या वाटेतच बसते. खोली रिकामी आहे आणि कुलूप तसंच आहे. वाचकहो, तुमच्याही कामाच्या जागी अशी एखादी बंद खोली असेल. तिची किल्ली कुणाकडे असते, ते उद्या जरा विचारून बघा. आणि ती तुमच्याच खिशात निघाली, तर?