दोन पिवळे तुकडे

देवपूरच्या कॉलेजात सुलक्षणा वनस्पतिशास्त्र शिकवायची. चव्वेचाळीस वर्षांची, एकटी, एका खोलीत राहणारी. सुट्टीच्या दिवशीही ती प्रयोगशाळेतच असे. एरंडोलजवळच्या शेतात कुजलेल्या लाकडावर सापडलेली पिवळी, चिकट बुरशी तिने काचेच्या बशीत ओटचे दाणे घालून वाढवली होती. नावाला बुरशी; खरं तर तळहाताएवढी पसरलेली एकच पेशी.

त्या रविवारी तिने त्या बुरशीचे दोन तुकडे करून शेजारी ठेवले होते. ते पुन्हा जुळले की दोघांतल्या प्रवाहाची लय एक व्हायला किती वेळ लागतो, ते तिला मोजायचं होतं. सकाळपासून ती भिंगाखाली बुरशीच्या अंगातल्या बारीक नळ्यांमधला प्रवाह कधी उलटतो ते मिनिटामिनिटाला टिपत होती.

अकराला पाणी प्यायला बाहेर आली, तर बाकावर तिचे वडील, तोताराम आबा, बसलेले.

"आबा, कधी आलात?"

"नऊनी गाडीवर. तू कामात व्हती."

दोन तास ते दाराबाहेर नुसते बसून होते. तिने त्यांना आत नेलं, सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. आबांनी चष्मा काढून डोळा लावला.

"हाई जित्तं शे का?"

"हो. नळीची भिंत आवळते आणि सैल पडते, म्हणून आतला रस पुढे जातो."

आबा बराच वेळ पाहत राहिले. "थांबनं," ते हळूच म्हणाले. मग, "आते उलटं चालनं."

दुपारपर्यंत दोघं आळीपाळीने बघत होती. आबा बोट वर करीत, ती वेळ लिही. दोन तुकडे कडेला चिकटले होते, पण लय अजून वेगळीच होती. डब्यातली भाकरी दोघांनी वाटून खाल्ली. आई गेल्यापासून इतका वेळ ती दोघं एकत्र बसली नव्हती.

मग आबांनी सांगितलं. मगन, तिचा भाऊ, त्यांना सुरतला नेणार होता. गुरुवारी. गावच्या घराला कुलूप लागणार.

"इथे राहा ना माझ्याकडे."

"तू ते दिनभर आठे कालेजमाच ऱ्हास. खोलीमा मी एकला काय करू?"

यात रागाचा लवलेशही नव्हता.

चारच्या एसटीत तिने त्यांना बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी हात हलवला नाही. पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत राहिले.

ती परतली तेव्हा दोन्ही तुकड्यांतला प्रवाह एकाच वेळी थांबत होता, एकाच वेळी उलटत होता. लय नेमकी कधी जुळली, ते वहीत आलं नव्हतं. मधल्या रकान्यांवर तिने रेघ मारली.

आबा गुरुवारी सुरतला गेले. रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येत, जेवण, पाऊस एवढं बोलून होतं, मग दोघंही गप्प होतात, आणि आबाच आधी म्हणतात, "बरं, कर तुन्हं काम."