मागच्या चाकांमधली सळई

यशपाल बनसोडे यांची गाडी बावीस वर्षांची होती आणि प्रत्येक वळणावर ती लवून मुजरा करायची. यशपालना त्यात तिची अदब दिसे, त्यांच्या पत्नी दीक्षाताईंना मळमळे. गेल्या महिन्यात माळशिरसच्या अलीकडे त्या दहा मिनिटं उसाच्या फडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि परत येऊन शांतपणे निकाल दिला. पुढच्या महिन्यात नातेपुत्याला बहिणीचा गृहप्रवेश आहे. तिथवर पोट शाबूत राहिलं तर गाडी राहील, नाहीतर भाच्याला देऊन टाकायची.

यशपाल विमा कंपनीत अधिकारी होते, म्हणजे संकट आल्यावर कागद वाचायची त्यांना सवय होती. तीन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी औषध शोधलं: अँटी-रोल बार. मागच्या दोन चाकांना जोडणारी जाड पोलादी सळई. गाडी एका अंगाला कलू लागली की ही सळई तिला आवरते. व्हिडिओतली माणसं घाटात एकशेचाळीसच्या वेगानं वळत होती. यशपाल स्वतः चाळीसच्या वर जात नसत, पण हा तपशील त्यांनी किरकोळ मानला.

होटगी रोडच्या गॅरेजात लालसाब मेकॅनिकनं ती सळई उलटसुलट करून पाहिली आणि नातेपुत्यापर्यंत घाटासारखी वळणं किती, एवढंच विचारलं. यशपालनी त्याला पाव तास विज्ञान सांगितलं. लालसाब गाडीखाली शिरला. रबरी बुश बसले, वंगण लागलं, सळईची दोन्ही टोकं चाकांशी जोडणाऱ्या लिंका आवळल्या गेल्या. यशपाल वाकून त्याला मोबाइल दाखवत राहिले.

संध्याकाळी दीक्षाताईंना घेऊन चाचणी झाली. चौकाला वळसा घालताना गाडी परेडला उभी असल्यासारखी ताठ. "बरं वाटतंय की," दीक्षाताई म्हणाल्या. यशपालनी चौकाला आणखी एक वळसा घातला.

मग विजापूर रोडचे ब्रेकर सुरू झाले. आता ब्रेकरवरून सरळ जाणारा माणूस सोलापुरात एक तर नवखा, नाहीतर परीक्षा देणारा. बाकी सगळे कडेच्या फटीतून डावी चाकं काढतात आणि उंचवट्यावर फक्त उजवी चढवतात. यशपालही पंचवीस वर्षं असेच जात आलेले. पण आता उजवं चाक चढलं की सळई ती खबर डाव्याला देई आणि गाडी भांडायला निघाल्यासारखे खांदे उडवी. सातव्या ब्रेकरला दीक्षाताई म्हणाल्या, "अहो, थांबवा."

दुसऱ्या दिवशी लालसाबनं ऐकून घेतलं.

"सायेब, सळईचं कामच त्ये हाय. दोन्ही चाकं संगट चढवा, सरळ जावा."

"सरळ? लोक काय म्हणतील?"

लालसाबनं विचार केला. "मग एका बाजूची लिंक सोडतो. सळई नुसती लटकंल."

"पण दिसेल ना?"

"लई झ्याक दिसंल."

गृहप्रवेशाच्या दिवशी यशपाल पहाटेच निघाले. सळई नावालाच आहे हे फक्त त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे प्रत्येक वळण ते ताशी वीसनं, जीव मुठीत धरून घेत होते. मागून हॉर्न वाजत. माढ्याकडचा एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्यांसह त्यांना ओलांडून गेला आणि ड्रायव्हरनं वळून काळजीनं पाहिलं.

ते पोचले तेव्हा जेवणाची दुसरी पंगत उठत होती. पण दीक्षाताई हसत उतरल्या, दोन पुरणपोळ्या जेवल्या आणि सगळ्यांना सांगत सुटल्या, की मागं ती सळई बसवल्यापासून गाडी कशी अंगणात उभी असल्यासारखी चालते. साडूंनी तिथल्या तिथं लालसाबचा नंबर मागून घेतला. यशपालनी तो दोनदा तपासून दिला.

परतताना माळशिरसच्या त्याच वळणावर दीक्षाताईंनी घड्याळ पाहिलं. "अहो, आता सळई आहे ना? मग जरा वेगात घ्या की."

यशपालनी वेग वीसवरून अठरावर आणला.

"नवीन आहे गं," ते म्हणाले, "जरा रुळू दे तिला."